शब्दाचं शेपूट

(देगलूरच्या बचत गटातल्या महिलांनी रेडिओवर केलेलं भाषण)

दुपारची भांडी झाली असतील. कुणी वाती वळत असेल, कुणी तूर पाखडत असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आम्ही देगलूरच्या एका बचत गटातल्या बायका. आज आम्ही इंग्रजीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. फाडफाड इंग्रजी आम्हालाही येत नाही. इंग्रजी शब्दाला मागून जे एक-दोन अक्षरांचं शेपूट लागतं, तेवढ्यापुरतंच बोलायचं आहे. शाळेत त्याला प्रत्यय म्हणतात. आमच्या बैठकीत शेपूट म्हटलं की सगळ्यांना कळतं.

हे सुरू झालं एका मेसेजवरून. आमच्यातली एक हाणेगावकडची आहे. दिवाळीच्या तोंडावर तिच्या मोबाइलवर मेसेज आला. तिचा मुलगा सातवीत. त्यानं वाचून दाखवलं, अमुक रुपये ‘विल बी क्रेडिटेड’. क्रेडिट म्हणजे जमा, हे त्यालाही ठाऊक आणि आईलाही ठाऊक. पोरगं म्हणालं, ‘आई, एड लागलं की भूतकाळ. बाईंनी शिकवलंय. पैसे आले.’

सोयाबीन काढणीचे दिवस होते. एक रोज बुडवून ती देगलूरला आली. येण्याआधी गावातल्या दुकानातून किराणा उचलला आणि ‘सांजच्याला पैसे देते’ असा शब्द देऊन आली. इथं रांगेत दोन तास उभी राहिली. खात्यात जुनेच तीनशे रुपये. ‘अजून आले नाहीत, येतील,’ असं सांगण्यात आलं. ती म्हणाली, ‘आले म्हणून लिवलंय की साहेब, एड लागलंय.’ मागच्या रांगेतली माणसं हसली. रोज बुडाला, तिकिटाचे पैसे गेले, सांजच्याला दुकानासमोरून खाली मान घालून जावं लागलं. शनिवारच्या बैठकीत तिनं हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मेसेज खोटा नव्हता आणि पोरगंही चुकीचं शिकलं नव्हतं. त्याचा नियम अर्धा होता, एवढंच.

मग आम्ही ठरवलं, उरलेला अर्धा शोधायचा. आमच्या गटातल्या एकीची सून डी.एड. झालेली आहे. हप्त्याचा हिशेब संपला की अर्धा तास ती शिकवते. सासूही समोर बसते आणि सुनेला ‘हो मॅडम’ म्हणते.

आमच्यातल्या बहुतेकींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि सातवीत शाळेबरोबरच संपलं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तोवर आमच्या हातात लाटणं आलेलं होतं. पाचवीत आम्ही काय केलं? ‘गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन’ असं पाढ्यासारखं घोकलं. ही क्रियापदं आडमुठी. शेपूट न घेता ती अंगच बदलतात. अशी आडमुठी क्रियापदं मोजून दीड-दोनशे. बाकीची हजारो क्रियापदं साधी सरळ आहेत, त्यांना तीन शेपटं लावली की काम भागतं. आम्हाला आडमुठ्यांची ओळख आधी करून दिली आणि सरळ माणसांची राहूनच गेली. भीती बसली ती तिथंच.

शब्द वळवायचा म्हटलं तर देगलूरच्या बाईला कोण शिकवणार? आमच्या बैठकीतली एक अक्का बिचकुंद्याची. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा देगलूर तालुका आपल्याकडे आला, पण त्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्रात गेली, आज ती तेलंगणात आहेत. तालुका कापला गेला, सोयरिकी कापल्या गेल्या नाहीत. एक जण औरादकडची, तिचं माहेर कानडी बोलणारं. एक भाभी दखनी बोलणारी. एकदा आम्ही सहज विचारलं, स्टँडवर एकापेक्षा जास्त बस उभ्या असल्या तर काय म्हणता? अक्का म्हणाली, ‘बस्सुलु.’ औरादवाली म्हणाली, ‘बस्सुगळु.’ भाभी म्हणाल्या, ‘बसाँ.’ आणि आपण मराठीवाल्या म्हणतो ‘बसेस’. बस इंग्रजांची, पण तिला शेपूट ज्यानं त्यानं आपापल्या घरचं लावलं. आपण मात्र शेपूटसुद्धा इंग्रजांचंच उचललं.

आमच्या आज्यांच्या वेळी हीच कसरत उर्दूत होती. १९४८ पर्यंत इथला सरकारी कारभार निजामाचा, कागद उर्दूत. एक असला तर कागज, अनेक असले तर ‘कागजात’. मराठी कानाला ते ‘कागदाच्या आत’ असं वाटायचं. ‘कागजात लाव’ म्हटल्यावर आणखी कशाच्या आत काय घालायचं, हे न कळून माणसं कचेरीच्या ओट्यावर बसून राहिली असतील! तेव्हाही सगळा घोळ शेपटाचाच.

आता पहिलं शेपूट घेऊ, ‘एस’. वस्तू एकापेक्षा जास्त झाली की मागे एस. बुकचं बुक्स, बॅगचं बॅग्ज. शब्दाच्या शेवटी आधीच स, श, च, क्स असा सरसरणारा आवाज असेल तर एस नुसता चिकटत नाही. तोंडाला तो म्हणताच येत नाही, म्हणून मध्ये ‘ई’ घालून ‘ई-एस’ लावतात. बसचं बसेस, बॉक्सचं बॉक्सेस, मॅचचं मॅचेस. हा नियम तुम्ही कधी पाठ केला होता? नाही. तरी ‘बसेस’ बरोबरच म्हणत होतात.

शेवटी ‘वाय’ असला आणि त्याच्या आधी ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कुणी नसलं, तर वाय जातो आणि ‘आय-ई-एस’ येतं. लेडीचं लेडीज, बेबीचं बेबीज, कॉपीचं कॉपीज. आधी त्या पाचांतलं कुणी असलं तर वाय जागचा हलत नाही. बॉयचं सरळ बॉइज, वायला वाय ठेवून नुसता एस. ‘लेडीज’ची आपल्याकडे गंमतच झाली आहे. आपण म्हणतो, ‘एक लेडीज आली होती.’ एकच आली होती तर ती लेडी. पण एसटीत एवढ्या वर्षांत कुणी ‘एक लेडी, एक लहान’ असं तिकीट मागितलेलं आम्ही ऐकलं नाही, आणि आम्हीही मागणार नाही.

एक गोष्ट कानाची. लिहायला एकच एस, पण बोलताना कुठे ‘स’ तर कुठे ‘ज’. बुक्समध्ये स, बॅग्जमध्ये ज. हा ज आपल्या जगातला नाही, भाभींच्या ‘ज़मीन’मधला. कुठे काय म्हणायचं हे कळायला गळ्यावर बोट ठेवा. नुसता ‘क’ म्हटला तर गळा शांत राहतो, ‘ग’ म्हटला तर आतून थरथरतो. शेवटचा आवाज थरथरणारा असेल तर एसही थरथरून ‘ज’ होतो. हे काही परकं नाही. आपण लिहितो ‘एकदा’ आणि बोलतो ‘एग्दा’. शेजारचा ‘द’ थरथरतो म्हणून ‘क’ही थरथरायला लागतो.

हाच एस क्रियापदालाही लागतो आणि इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. आमची सून-मॅडम म्हणाली, दोघींत एकच छत्री आहे असं समजा. ‘गर्ल वर्क्स’, मुलगी काम करते. मुलगी एकटी, तिच्या अंगावर एस नाही, म्हणून छत्री क्रियापदाकडे. ‘गर्ल्स वर्क’, मुली काम करतात. आता छत्री मुलींनी घेतली, क्रियापद मोकळं. आय, यू, वी आले तर छत्री कुणालाच नाही, ‘आय वर्क, वी वर्क’. तो, ती, ते किंवा एकटं कुणी असलं तरच क्रियापदाला एस, आणि तोही आजच्या, नेहमीच्या कामापुरता. तो आणि ती यांत इंग्रजी क्रियापद काही फरक करत नाही. मराठीत ‘मी चालले’ म्हटलं की बाई बोलते आहे हे अंधारातही कळतं. इंग्रजीत ‘आय वॉक्ट’ म्हणणारी बाई आहे की बुवा, हे तोंड बघितल्याशिवाय कळायचं नाही. म्हणजे मराठीत आपण चाललो, चाललीस, चालली, चालले, चालल्या अशी केवढी तरी रूपं रोज न अडखळता फिरवतो, आणि जिथं एकट्या ‘वॉक्ट’वर काम भागतं त्या भाषेला भितो.

ही भाषा आधीपासून इतकी सोपी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखीच तीन लिंगं होती, विभक्त्या होत्या, अनेकवचनाची शेपटं चार-पाच तऱ्हांची होती. वापरता वापरता ती झिजली आणि एस तेवढा उरला. आडमुठी क्रियापदंही किती तरी सरळ झाली. हेल्प म्हणजे मदत करणं, त्याचा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, आता ‘हेल्प्ट’ म्हणतात. नवं येणारं क्रियापद तर सरळच येतं. रिचार्ज कालपरवा आलं, त्याचं ‘रिचार्ज्ड’ झालं, कुणाला विचारावं लागलं नाही. लहान पोरांनाही हे उपजत कळतं. अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली एक प्रयोग छापला. त्यांनी लहान मुलांना एक काल्पनिक पक्षी दाखवला, त्याला ‘वग’ असं बनावट नाव दिलं आणि तसे दोन दाखवून विचारलं, हे काय? जो शब्द मुलांनी जन्मात ऐकला नव्हता त्याला त्यांनी एस लावला, ‘वग्ज’. आपलं दोन-अडीच वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणतं तेव्हा आपण हसतो. ते चुकत नसतं, नियम लावत असतं. ‘बसलं, पडलं’ तसं ‘करलं’. आडमुठं आहे ते आपलं ‘केलं’.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते ‘ई-डी’, म्हणजे एड. बोलताना याचे तीन आवाज. पॅकचं ‘पॅक्ट’, कारण क शांत आहे. कॅन्सलचं ‘कॅन्सल्ड’, कारण ल थरथरतो. आणि शेवटी ट किंवा ड असला तरच पूर्ण ‘एड’, म्हणजे क्रेडिटेड, डेबिटेड, प्रिंटेड. ‘वॉकेड’ असं कुणी म्हणत नाही. अप्लायसारखा शब्द असला तर वाय जाऊन ‘आय-ई-डी’ येतं, अप्लाइड. स्टॉपमध्ये शेवटचं पी दोनदा येतं, मग ई-डी. कॅन्सल्ड कुठे एका एलनं तर कुठे दोन एलनं लिहिलेलं दिसेल, दोन्ही चालतं. एक अमेरिकेची रीत, दुसरी इंग्लंडची. त्यावरून घरात पोरांशी भांडू नका.

एड दोन कामं करतं, आणि शाळेतल्या बाईंचा नियम त्यातल्या एकाचाच होता. आमच्यातली एक शिवणकाम करते. तिच्या दुकानात ड्रेसची पाकिटं येतात, त्यांवर ‘अनस्टिच्ड’ लिहिलेलं असतं. स्टिच म्हणजे शिवणं, स्टिच्ड म्हणजे शिवलेला, अनस्टिच्ड म्हणजे न शिवलेला. तिनंच विचारलं, ‘मग यात भूतकाळ कुठंय? पाकीट तर आज समोर आहे.’ तिच्या त्या प्रश्नानं गाठ सुटली. ‘शी स्टिच्ड’ म्हणजे तिनं शिवला. ‘स्टिच्ड ड्रेस’ म्हणजे शिवलेला ड्रेस. मराठीत ‘ला’ आणि ‘लेला’ अशी दोन वेगळी शेपटं आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच एड. प्रिंटेड साडी म्हणजे छापलेली साडी. आणि ‘लेला’ काळ सांगत नाही. शिवलेला ड्रेस काल होता, आज आहे, उद्या असेल. काळ त्याच्या आधीच्या बारक्या शब्दांत असतो.

म्हणून क्रेडिटेड दिसलं की लगेच खूश व्हायचं नाही आणि डेबिटेड दिसलं की लगेच घाबरायचं नाही. एक शब्द मागे जायचं. ‘हॅज बीन क्रेडिटेड’ किंवा ‘इज क्रेडिटेड’ म्हणजे जमा झाले. ‘विल बी क्रेडिटेड’ म्हणजे जमा होतील, अजून नाहीत. हाणेगाववालीचा रोज या ‘विल बी’नं खाल्ला. ‘नॉट’ कुठे लपलं आहे का तेही बघायचं, ते तीन अक्षरांचं असतं आणि घाईत निसटतं.

‘विल बी’ कधी दुसऱ्या बाजूनंही येतं. ‘तुमचं खातं आज विल बी ब्लॉक्ड, या लिंकवर दाबा.’ असा मेसेज आमच्यातल्या दोघींना आला. ब्लॉक्ड वाचूनच एकीचे हात गार पडले. बंद झालेलं नाही, बंद होईल म्हणतो आहे, आणि तेही कोण म्हणतंय ते माहीत नाही. अशा लिंकवर बोट ठेवू नका, पासबुक घेऊन बँकेत जा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० नंबरला फोन करा. उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं. तसंच यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणाऱ्याचं व्याकरण तपासत बसू नका, फोन ठेवून द्या.

राहिलं ‘आय-एन-जी’, म्हणजे इंग. हे तर आपल्या शिवणयंत्रावरच राहतं. मॅचिंग, लायनिंग, पायपिंग, फिटिंग. इथं ते कामाचं किंवा वस्तूचं नाव झालेलं आहे, आपल्या ‘बसणं-उठणं’मधल्या ‘णं’सारखं. त्याच्या आधी ‘इज’ किंवा ‘आर’ आलं की चालू काम, ‘शी इज स्टिचिंग’, ती शिवते आहे. मेसेजमध्ये ‘इज बीइंग प्रोसेस्ड’ असं येतं, त्यात इंग आणि एड दोन्ही आहेत. त्याचा अर्थ तुमचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर आहे, काम चालू आहे म्हणतात. ‘पेंडिंग’ हा शब्द तर आम्हाला कुणी शिकवायची गरज पडली नाही. तहसीलच्या दोन फेऱ्या मारल्या की तो आपोआप येतो.

वय झाल्यावर हे काय शिकायचं, असं आमच्यातही काहींना वाटलं. घरच्यांनी तर म्हटलंच. तेव्हा सुनेनं रमाबाई रानड्यांची गोष्ट सांगितली. अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. न्यायमूर्तींनी घरीच आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला घेतलं. न्यायमूर्तींना बोलायची कुणाची छाती नव्हती, मग घरातल्या बायकांचा सगळा राग रमाबाईंवर. १९१० साली निघालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. आमच्या सासवांचं बोलणं त्यामानानं काहीच नाही. एकीची सासू तर हल्ली दाराशी बसून एस आणि ई-एस ऐकते आणि मध्येच बरोबर उत्तर देते.

आता घरात डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट असेल तर हातात घ्या. साध्या पॅरासिटामॉलच्या पाकिटावर आजचा सगळा धडा छापलेला असतो. वर नाव, ‘टॅब्लेट्स’, मागे एस, म्हणजे गोळ्या. खाली बारीक अक्षरात ‘ईच अनकोटेड टॅब्लेट कंटेन्स’. ईच म्हणजे प्रत्येक, म्हणून टॅब्लेट आता एकटी, आणि छत्री ‘कंटेन्स’कडे. ‘अनकोटेड’ म्हणजे वर थर न दिलेली, आपलं ‘लेला’वालं एड. एका गोळीत किती औषध आहे ते पुढे आकड्यात असतं. पाचशे आणि साडेसहाशे यांतला फरक तिथं कळतो. आणि ‘अॅज डायरेक्टेड बाय द फिजिशियन’ असेल तर त्याचा अर्थ ‘डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे’. म्हणजे किती घ्यायच्या हे पाकीट सांगत नाही, ते डॉक्टरलाच विचारायचं. काही गोळ्यांवर चावू नका, चुरू नका असं लिहिलेलं असतं, तिथं ‘क्रश’ किंवा ‘क्रश्ड’ शोधा. म्हाताऱ्या माणसांना गोळी चुरून पाण्यातून देण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्याच पाकिटावर भाभींना ‘चिल्ड्रन’ सापडलं. मुलांच्या हाती लागू देऊ नका, अशी ती सूचना असते. भाभींनी विचारलं, ‘बच्चे तो बहोत हैं, फिर एस किधर गया?’ प्रश्न बरोबर होता. एसच्या आधी जी चार-पाच तऱ्हांची शेपटं होती, त्यांतलं एक ‘एन’ तिथं चिकटून राहिलेलं आहे. ऑक्स म्हणजे बैल, त्याच्या ‘ऑक्सन’मध्येही तेच. वापरातले असे शब्द बोटांवर मोजण्याइतके, ते तोंडपाठच करायचे.

हाणेगाववालीचे पैसे अकराव्या दिवशी आले. मेसेज आला तेव्हा पोरगं शाळेत होतं. तिनं शेजारणीला बोलावून स्पेलिंग वाचायला लावलं, ‘एच-ए-एस’ ऐकलं, आणि मगच दुपारची बस धरली. दुकानदाराचे पैसे त्याच संध्याकाळी दिले.

पुढच्या वेळी आम्ही खताच्या आणि फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं वाचणार आहोत. तुमच्या घरात रिकामं पोतं किंवा डब्याचं लेबल असेल तर जपून ठेवा. फवारणीचा डबा मात्र घरात आणू नका, लेबलाचा फोटो काढून आणला तरी चालेल.